कुंडीतील वसंताचे निरीक्षण : माजरीपुरते मार्गदर्शन

कुंडीबागेचे निरीक्षण म्हणजे कुंडीसमोर उभे राहून, हात पाठीमागे बांधून व कंबरेत किंचित वाकून, कालपासून काही बदल झाला आहे असे स्वतःला पटविण्याची क्रिया होय. ही क्रिया बागकामाहून भिन्न मानावी, कारण बागकामात हाताला माती लागते आणि निरीक्षणात ती लागण्याचे काही कारण नसते. प्रस्तुत मार्गदर्शन चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरीपुरते, आणि तेथेही मुख्यत्वे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वसाहतीतील क्वार्टरांच्या अंगणांपुरते व गच्च्यांपुरते आहे. पुण्यामुंबईच्या बाल्कन्यांसाठी स्वतंत्र व अधिक सचित्र वाङ्मय उपलब्ध आहे.

प्रथम ऋतूचा निर्णय करावा लागतो. पंचांगाप्रमाणे चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. परंतु पंचांग सिद्ध करताना वर्धा नदीच्या खोऱ्यातील तापमापक कोणी पाहिलेला नसल्यामुळे, ज्या वैशाखात शास्त्राप्रमाणे कोकिळेने गावे त्याच वैशाखात या भागातील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कोकिळादेखील दुपारी विश्रांती घेते. भोवतालच्या रानात पळस फाल्गुनातच पेटून उठतो, मोह पाठोपाठ गळू लागतो व पाडव्याला कडुनिंब कोवळा झालेला असतो. म्हणजे झाडांनी आपला वसंत पंचांगाची वाट न पाहता उरकून घेतलेला असतो. निरीक्षकाने तोच धडा घेऊन महाशिवरात्रीच्या सुमारास बी टाकावे. पाडव्याचा मुहूर्त शुभ असला तरी टोमॅटोला तो उशिराचा ठरतो, कारण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर फार काळ राहिले की त्याच्या फुलांतील परागकण निकामी होतात आणि फळ न धरताच फूल गळते.

पात्राविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. तेलाचा पिपा, रंगाची रिकामी बादली, तळ गळणारा माठ यांपैकी जे घरात कोणी परत मागणार नाही ते घ्यावे आणि खिळ्याने तळाला भोके पाडावीत. भोके पाडण्यापूर्वी बादलीविषयी घरच्यांची लेखी नसली तरी तोंडी संमती असावी.

माती हा मात्र गहन विषय आहे. माजरीत काळा रंग दोन प्रकारे आढळतो : एक शेतातली काळी माती, आणि दुसरी खुल्या खाणीतून, म्हणजे वरची माती व खडक काढून आकाशाखाली कोळसा खणला जातो त्या खड्ड्यातून, तसेच डम्परांच्या रस्त्यावरून येणारी धूळ. पहिली कसदार असते व दुसरी सर्वत्र असते. काळी ते सकस या समजुतीने काही उत्साही मंडळी अंगण झाडून जमलेली पूड खत म्हणून कुंडीत टाकतात. त्यांना एवढेच कळवावे लागते की, कोळसा हा वनस्पतींचाच अवशेष असला तरी त्यापासून पुन्हा मेथी होण्याची प्रक्रिया अद्याप ज्ञात नाही. पहिल्या प्रकारची माती देखील नुसती भरू नये. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळताना आकसतात, त्यामुळे शेतात जशा भेगा पडतात तशी कुंडीत मातीची ढेप कडेपासून सुटते आणि तिच्याभोवती एक अरुंद फट राहते. मग निरीक्षक वरून तांब्याभर पाणी ओततो, ते फटीतून थेट तळाच्या भोकाबाहेर येते, ते पाहून तो समाधानाने घरात जातो आणि ढेपेच्या मध्यभागी मुळे कोरडीच राहतात. माजरीतील बहुसंख्य रोपे याच समाधानामुळे मरतात. उपाय साधा आहे : मातीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि फट पडलीच तर अख्खी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. बुडबुडे मोजण्याची गरज नाही, पण मोजणाऱ्यास कोणी अडवू नये.

आता प्रत्यक्ष वाढीकडे वळावे. येथे निरीक्षकाची मूलभूत अडचण अशी की वाढ डोळ्यांना दिसत नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी क्रेस्कोग्राफ हे वनस्पतींची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे यंत्र बनविले, व पुढे त्याच्या चुंबकीय आवृत्तीने हे प्रमाण १ कोटी पटींपर्यंत नेले. यावरून उघड्या डोळ्यांनी सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत मिरचीकडे पाहत राहण्याचे शास्त्रीय फलित काय असेल याची कल्पना यावी. त्यातही उष्ण, कोरड्या हवेत दिवसभर पाने पाणी गमावीत असल्याने पेशी ताणल्या जाण्यापुरते पाणी रोपाजवळ बहुधा रात्रीच उरते, म्हणजे खोडाची बरीचशी लांबी निरीक्षक घोरत असताना वाढते. धीर सुटणाऱ्यांसाठी दोडक्याचा वेल लावावा. चार्ल्स डार्विनने वेलींच्या शेंड्यांचे हवेत गोल फिरणे मोजून ठेवले आहे व त्यातील काही वेली सुमारे २ तासांत एक फेरी पूर्ण करतात. दोडक्याचा तणावा, म्हणजे आधार पकडणारा दोऱ्यासारखा अवयव, दोरीला टेकला की थोड्याच वेळात तिला वेढा घालू लागतो. कुंडीबागेत एका बैठकीत काही घडल्याचे दाखविता येईल असा हा एकमेव प्रसंग असल्याने पाहुणे त्याच वेळी बोलवावेत.

सांबार, म्हणजे इतरत्र जिला कोथिंबीर म्हणतात ती, पेरताना धणा चपलेखाली हलका रगडून त्याची दोन दळे सुटी करावीत, कारण प्रत्येक दळात एक स्वतंत्र बी असते. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. या काळात बोटाने माती उकरून अंकुर आला काय हे तपासण्याची प्रथा सर्वदूर आहे, आणि सांबारवडीसाठी शेवटी सांबार बाजारातून आणावा लागण्याचे तेच प्रमुख कारण आहे. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उगवून येत असल्याने नवशिक्याने आत्मविश्वासासाठी ती बाजूला लावून ठेवावी.

पानाचे निरीक्षण वरून करू नये. वरची बाजू माजरीत खाणीच्या दैनंदिनीसारखी वाचता येते : ब्लास्टिंग कोणत्या दिवशी झाले, वारा कोणीकडून होता, डम्परांच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर आला की नाही, हे सारे तिच्यावर नोंदलेले असते, फक्त झाडाची हकीकत नसते. धुळीचा थर सूर्यप्रकाश अडवितो, म्हणून दर दोन दिवसांनी भल्या सकाळी पाने पाण्याने धुवावीत. झाडाची खरी हकीकत पानाखाली असते. श्वसनाची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, बहुतेक झाडांत तेथेच अधिक असतात, आणि मिरचीवर चुरडामुरडा आणणारे फुलकिडे व कोळी देखील पत्ता म्हणून तीच जागा देतात. पान उलटे करून पाहण्यास गुडघे टेकावे लागतात, हा या शास्त्रातील एकमेव शारीरिक श्रम होय.

शेजाऱ्यांच्या अभिप्रायाचीही तयारी ठेवावी. कुंपणापलीकडून "पानं त बहुत हायेत वहिनी, मिरच्या कधी लागतीन जी?" असा प्रश्न आल्यास तो कुत्सित समजू नये, कारण तो वनस्पतिशास्त्रदृष्ट्या अचूक असतो : शेणखत व युरिया अति झाल्यास नत्र वाढते, नत्राने पाला माजतो आणि फूल मागे पडते. उत्तर म्हणून "यंदा जात वेगळी आहे" असे म्हणण्याची पद्धत आहे.

एप्रिल लागला की हिरवी जाळी बांधावी आणि पाणी दिवस उगवण्यापूर्वी व मावळल्यावर द्यावे. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी कुंडीत ओतणे ही काटकसर दिसते खरी, परंतु कूलर पाण्याची वाफ करतो आणि क्षार मागे ठेवतो, त्यामुळे आठवडाभर फिरलेल्या त्या पाण्याने पानांच्या कडा करपतात. या दिवसांत सर्व रोपे माना टाकत असताना मोगरा मात्र कळ्यांनी भरतो; बागेची कीर्ती टिकवावयाची असल्यास छायाचित्रे त्याचीच काढावीत.

शाळांना सुट्ट्या लागल्यावर कुटुंब गावी जाते, तेव्हा कुंड्या शेजारच्या काकूंच्या स्वाधीन कराव्यात. त्यांना सूचनांचा कागद द्यावा. त्या तो वाचत नाहीत, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात आणि कुंड्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परत आल्यावर मिरच्या लागलेल्या, दोडका जाळीवर चढलेला आणि सांबार फुलोऱ्यावरून धण्यावर गेलेला आढळतो. ही वाढ नोंदवहीत गैरहजेरीच्या तारखांसमोर न लिहिता परतल्याच्या दिवसासमोर लिहावी, आणि काकूंकडे पहिला तोडा, निदान पावशेराचा, त्याच संध्याकाळी पोहोचवावा, म्हणजे पुढच्या वर्षी कुंड्या ठेवायला जागा राहते.