तेराव्या महिन्याची रजा

परदेशगमनाचा योग पत्रिकेत असणे निराळे आणि तो आस्थापना शाखेच्या टिपणीत उतरणे निराळे. अदिस अबाबा विद्यापीठात दोन वर्षे संख्याशास्त्र शिकविण्यासाठी प्रतिनियुक्तीवर यावे, असे निमंत्रण मला आले, तेव्हा ग्रहांनी आपले काम चोख बजावले होते. उरले होते ते आमच्या प्रशासकीय इमारतीत खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या भाऊसाहेबांचे. ग्रहांची शांत तरी करता येते. भाऊसाहेब सर्वस्वी निःस्पृह होते, आणि निःस्पृह माणसाला नियमांखेरीज दुसरी करमणूक नसते.

तिकडून आलेल्या पत्रात रुजू होण्याची तारीख १ मेस्केरेम २०१७ अशी होती. इथिओपियाची कालगणना इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागून चालते आणि तिचे नववर्ष बहुधा ११ सप्टेंबरास उजाडते, सबब ही तारीख म्हणजे आपली ११ सप्टेंबर २०२४, असे मी सविनय निवेदन केले. भाऊसाहेबांनी माझे सेवापुस्तक मागविले, माझी नेमणूक २०१८ची असल्याची खातरजमा केली आणि जो इसम अद्याप सेवेत दाखलच झालेला नाही त्यास रजा देण्याचा अधिकार खुद्द कुलगुरूंनाही नाही, असा शेरा समासात सुवाच्य अक्षरांत नोंदविला.

त्यातच त्यांना तेराव्या महिन्याचा सुगावा लागला. इथिओपियात तीस दिवसांचे बारा महिने झाल्यावर पगुमे नावाचा पाच दिवसांचा, आणि दर चौथ्या वर्षी सहा दिवसांचा, एक चिमुकला महिना येतो. त्या महिन्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणत्या खाती जमा धरावा, हा प्रश्न उपस्थित होऊन फाईल वित्त विभागाकडे रवाना झाली व तिकडे आठवडाभर मुक्कामाला राहिली. आपल्याकडील अधिकमासाचा दाखला देऊन मी त्यांची समजूत घालू पाहिली. "आपला धोंड्याचा महिना तिसऱ्या वर्षी येतो, यांचा दरसाल?" असे विचारून, तीन जावयांना अनारसे पुरवून थकलेल्या त्या गृहस्थाने चष्मा काढून पुसला, इथिओपियाविषयी त्यांच्या मुद्रेवर सहानुभूती उमटली ती त्या वेळी प्रथमच.

बेबाकी दाखल्यांची कथा संक्षेपानेच सांगणे बरे. ग्रंथालयाने दिला, वसतिगृहाने दिला. जिमखान्याने मात्र मी आजवर एकही बॅट नेली नाही याचा लेखी पुरावा मागितला.

घरी तयारीची दिशा वेगळी होती. आफ्रिका म्हटल्यावर शेजाऱ्यांनी मलमलीचे सदरे सुचविले. प्रत्यक्षात ते शहर सुमारे २,३५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सातशे मीटर चढून गेल्यावर लागावे अशा ठिकाणी वसलेले असून, तेथे रात्री स्वेटर लागतो आणि पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळू लागत असल्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. हे ऐकताच सौभाग्यवतींनी माझी पुस्तके पेटीतून बाहेर काढून तेथे कुकर, दोन जादा शिट्ट्या आणि मेतकुटाचा डबा यांची प्रतिष्ठापना केली. तिथले सनातनी ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, हे कळल्यावर आईचा जीव भांड्यात पडला, परंतु त्या उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य असून हरभऱ्याच्या पिठाचे 'शिरो' नावाचे झणझणीत कालवण बेलाशक चालते, असे मी पुढे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "उपासाला पिठलं चालतं आणि दूध चालत नाही? मग त्यांना पुण्य लागतं तरी कसं?"

पीतज्वराची लस टोचून घेताना आणखी एक बोध झाला. भारतातून थेट येणाऱ्या पाहुण्याकडे इथिओपिया हा दाखला मागत नाही. मागते ते आपलेच सरकार, आणि तेही परतताना, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवते. कारण सयुक्तिक आहे: हा रोग आपल्या देशात नसला तरी तो पसरविणारा एडिस डास मुबलक आहे, सारी सिद्धता झालेली असून रोगाची तेवढी आयात व्हायची राहिली आहे. "म्हणजे तुमच्या जाण्याला कोणाचीच हरकत नाही, येण्याला आहे," असा निष्कर्ष काढून सौभाग्यवती पुन्हा पापड मोजू लागल्या.

अखेर कुलगुरूंची स्वाक्षरी झाली. तिकडे मध्यान्हपूर्व रुजू झाल्याचा दाखला धाडावा, एवढी एकच अट हुकुमात होती. निरोप घेताना मी भाऊसाहेबांना सहज सुचविले की, त्या देशात तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, तेव्हा दाखल्यावर 'तीन वाजता हजर' असे आले तर ते सकाळचे नऊ समजावेत.

"तीन म्हणजे मध्यान्होत्तर," भाऊसाहेब म्हणाले, "अर्ध्या दिवसाची रजा निराळी मंजूर करून घ्यावी लागेल." आणि त्यांनी जावक क्रमांक पडलेली फाईल पुन्हा जवळ ओढून पेनाचे टोपण काढले.