लिंबावरील नागअळीचा बंदोबस्त

परसातल्या कागदी लिंबाच्या कोवळ्या पालवीवर एके सकाळी रुपेरी नागमोडी रेघ उमटली, पाने द्रोणासारखी मुडपली आणि ओटीवरून आत्याबाईंचा "अरे, काहीतरी कर रे!" असा तोंडी हुकूम सुटला, म्हणजे गृहस्थाने प्रथम चष्मा शोधावा, कारण ज्या गनिमावर मोहीम काढावयाची, तो जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा असतो.

चष्मा सापडल्यावर रीतसर पंचनामा करावा. रेघेच्या मधोमध दिसणारी काळसर रेषा ही आरोपीची विष्ठा असून, पानाच्या पापुद्र्याखालून बोगदा खणीत जाताना आपल्या वहिवाटीचा असा बिनतोड पुरावा मागे ठेवणारा दुसरा प्राणी आमच्या पाहण्यात नाही. या कुळाचे शास्त्रीय बारसे स्टेन्टन नामक इंग्रज पंडिताने कलकत्त्याच्या नमुन्यांवरून १८५६ साली केले. त्याच साली कंपनी सरकारने अवध खालसा केले, आणि या दोहोंपैकी कोणता अंमल अधिक टिकला, हे लिंबालाच विचारावे.

आता प्रत्यक्ष इलाज. जालीम औषध फवारल्यास ते पापुद्र्याआड मच्छरदाणीत निजल्यागत पडलेल्या अळीपर्यंत बहुधा पोहोचत नाही. मात्र त्याच अळीच्या अंगात अंडी घालून तिचा निकाल लावणारी चिमुकल्या परोपजीवी माश्यांची बिनपगारी शिबंदी तेवढी गारद होते. कात्री चालवून मुडपलेले शेंडे छाटावेत, तर झाड नवी लुसलुशीत पालवी फोडते, म्हणजे शत्रूस दुसरी पंगत वाढल्यासारखेच. आणि युरियाची मूठ टाकणे हे तर त्या पंगतीत आग्रह करणे होय. झाड दोनतीन वर्षांचे पोर असेल, तर गोष्ट वेगळी: त्यास पालवी फुटू लागताच, पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्याने गाळून चिमूटभर साबण मिसळावा आणि हा अर्क सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावा. पावसाळ्यात पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोग शिरतो, एवढे मात्र थट्टेवारी नेऊ नये.

थोराड झाडाच्या बाबतीत सर्वोत्तम उपाय म्हणजे काहीही न करणे. परंतु तो आत्याबाईंच्या नजरेसमोर अंमलात आणणे अतिशय दुर्घट असल्याने, रोज सकाळी भिंग घेऊन झाडाखाली उभे राहावे, मधून मधून "हं" म्हणावे आणि पाने निबर होईपर्यंत दिवस काढावेत, कारण निबर पानाला ही अळी शिवत नाही. मग बंदोबस्त पुरा झाल्याचे जाहीर करून सरबत मागवावे. वेडीवाकडी पाने अजून का तोडली नाहीत, असा सवाल आलाच, तर ती अद्याप झाडासाठी अन्न रांधतात, असे गंभीरपणे सांगावे. सबंध मोहिमेत आपण केलेले हे एकच विधान निखालस खरे असल्याने, त्यावर आत्याबाईंचा विश्वास बसणार नाही.