दोन खोट्या दाढ्या

इंग्लंड आणि स्पेन यांचं वैर म्हटलं की १५८८ सालचं ते बलाढ्य आरमार आणि त्याची दैना करणारं वादळ आठवतं. मला मात्र त्या वैरातल्या तोफांपेक्षा दोन खोट्या दाढ्या अधिक जवळच्या वाटतात. १६२३च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा युवराज चार्ल्स आणि बापलेकांचा सारखाच लाडका असलेला बकिंगहॅम या दाढ्या चिकटवून, जॉन स्मिथ आणि थॉमस स्मिथ बनून माद्रिदच्या वाटेला लागले. ग्रेव्हसेंडला नदी उतरल्यावर नावाड्याला द्यायला सुटे पैसे निघेनात, म्हणून त्याच्या हातावर सोन्याचं नाणं ठेवलं. नदी ओलांडायला सोनं मोजणारा माणूस सरळ असणं शक्य नाही, हे त्या नावाड्याला तत्काळ उमगलं आणि त्यानं वर्दी दिली. कँटरबरीत महापौरानं अडवलं, तेव्हा बकिंगहॅमला दाढी उतरवून सांगावं लागलं, की मी आरमाराचा प्रमुख, गुपचूप पाहणीला निघालोय.

कारण अगदी घरगुती होतं. स्पेनच्या राजकन्येशी, इन्फान्ता मारियाशी, चार्ल्सच्या लग्नाची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली होती. कर्जात बुडालेल्या त्याच्या बापाची, जेम्स राजाची, नजर सहा लाख पौंडांच्या हुंड्यावर होती. शिवाय स्पॅनिश फौजांपुढे राज्य गमावून बसलेल्या जावयाला ते परत मिळेल, अशीही आशा होती. मुलीकडच्यांच्या अटी धर्माच्या होत्या आणि त्यांवर पोपची मोहोर हवी होती. कागद जात होते, येत होते. बावीस वर्षांच्या चार्ल्सला वाटलं, आपणच जाऊन मुलगी घेऊन यावी.

सातासमुद्रांवर हुकूम चालवणारं घराणं होतं ते. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्याच मुकुटाखाली असल्यामुळे आपलं गोवंही फिलिप राजाच्या पदरी होतं. अशा घरी मुलगी बघायला जायचं आणि तेही मध्यस्थाला न कळवता! तो बिचारा मध्यस्थ म्हणजे इंग्लंडचा वकील डिग्बी. मार्चमधल्या एका रात्री त्याच्या माद्रिदच्या घराचं दार वाजलं. आधी काखेत पिशवी मारून ‘थॉमस स्मिथ’ आत आला. ‘जॉन स्मिथ’ रस्त्यापलीकडच्या अंधारात बोलावणं यायची वाट बघत उभा होता. वर्षानुवर्षं कोळ्याच्या चिकाटीनं विणलेलं आपलं जाळं या दोन पोरांच्या टापांखाली आलंय, हे डिग्बीला त्या क्षणी कळलं असेल; पण पाहुणा भावी राजा. हसून ‘या’ म्हणण्यापलीकडे वकिलाच्या हाती असतं तरी काय?

स्पेनवाल्यांनी स्वागत थाटात केलं. एवढ्या लांबून आला म्हणजे पोरगा कॅथलिक व्हायलाच आला असणार, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला. मुलगी मात्र दुरूनच दिसे. अखेर एका सकाळी चार्ल्सनं नको ते केलं. पत्रलेखक जेम्स हॉवेल तेव्हा माद्रिदमध्ये होता. त्यानं लिहून ठेवलंय, की इन्फान्ता नदीपलीकडच्या राजबागेत मे महिन्यातलं दव गोळा करायला जायची. मधे उंच भिंत, दाराला दुहेरी अडसर. युवराज भिंतीवर चढला आणि पलीकडे उडी टाकून तिच्याकडे निघाला. तिनं किंकाळी फोडली आणि पळ काढला. तिच्यावर नेमलेला म्हातारा सरदार गुडघे टेकून विनवू लागला, की महाराज, परत फिरा, माझ्या मानेवर डोकं राहणार नाही. मग ते दार उघडण्यात आलं आणि ज्या भिंतीवरून युवराज आले होते, तिच्याच खालून ते चालत बाहेर पडले. दोन साम्राज्यांच्या इतिहासात इतकं शालीन निर्गमन मी दुसरं वाचलेलं नाही.

इकडे फिलिपनं जेम्सला एक हत्ती आणि पाच उंट पाठवले. सप्टेंबर ते एप्रिल त्या हत्तीला पाणी नव्हे, रोज गॅलनभर वाइन पाजायची, अशी सूचना सोबत होती. हुंड्याची वाट बघणाऱ्या कर्जबाजारी माणसाच्या दारात हत्ती बांधण्यामागे थट्टा नसावी. पण असती, तर याहून सरस सुचली नसती.

सप्टेंबरात चार्ल्स निघाला आणि ऑक्टोबरात पोर्ट्‌स्मथला उतरला. वर बिनलग्नाचा परतला म्हणून लंडननं घंटा बडवल्या, होळ्या पेटवल्या. माद्रिदमध्ये इन्फान्तेनं इंग्रजीचे धडे घ्यायला सुरुवात केली होती, ते थांबले. तिला या सगळ्याचं काय वाटलं, हे कुणी तिला विचारल्याचं दिसत नाही. तहाच्या मसुद्यात तेवढी जागा नसते. सोळा-सतरा वर्षांची ती मुलगी त्या परक्या भाषेतला कुठला शब्द आधी शिकली असेल, हा विचार मला उगाच चिकटून राहतो. पुढे ती ऑस्ट्रियाच्या घराण्यात गेली, सम्राज्ञी झाली. चार्ल्सनं १६२५ मध्ये फ्रान्सची राजकन्या केली आणि त्याच वर्षी काडिझवर आरमार धाडलं. त्याचे सैनिक किनाऱ्यावर उतरले, त्यांना वाइनची पिंपं सापडली आणि ते इतके प्याले, की मोहीम तिथंच बारगळली.

माद्रिदहून निघताना चार्ल्सला निरोपाच्या भेटी मिळाल्या होत्या. त्यांत तिशियाननं काढलेलं, सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याचा कुत्रा यांचं मोठं चित्र होतं. १६४९ मध्ये पार्लमेंटनं चार्ल्सचं डोकं उडवलं आणि त्याचा संग्रह विकायला काढला. फिलिप तेव्हाही गादीवर होता. त्याच्या वकिलानं ते चित्र गाठलं, रोख पैसे मोजले आणि आपणच दिलेला आहेर मुकाट्यानं घरी आणला. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.