भंडाऱ्याचे पालक न्यायमूर्ती कोण?

साकोलीच्या कोणत्याही पानठेल्यावर विचारा, जिल्ह्याचे पालकमंत्री कोण. नाव मिळेल, त्यासोबत कुरकुरही मिळेल. जानेवारी २०२५ मध्ये भुसावळचे संजय सावकारे आले, ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी वर्ध्याचे पंकज भोयर आले. 'बाहेरचा पालक' ही भंडाऱ्याची जुनी बोच आहे. आता त्याच ठेल्यावर विचारा, जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती कोण. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. बार रूमच्या भिंतीबाहेर हे नाव जातच नाही.

हे पद शोभेचे नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ ने जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. एवढा पसारा सगळ्या न्यायमूर्तींनी एकत्र बसून सांभाळता येत नाही, म्हणून मुख्य न्यायमूर्ती जिल्हे वाटून देतात. न्यायालयांची तपासणी, तुंबलेले खटले, न्यायाधीशांचे कामकाज, इमारतींची अवस्था यांवर पालक न्यायमूर्तींनी नजर ठेवायची. हे नियंत्रण काही न्यायमूर्तींच्या समितीकडे सोपवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७८ मध्येच मान्य केले आहे. निकालात मात्र पालकांनी हात घालायचा नाही. भंडाऱ्याचे अपील नागपूर खंडपीठात जाते आणि ते कोणापुढे लागणार, हे रोस्टर ठरवते.

पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द प्रकल्पग्रस्ताला यातले काय माहीत असते? धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ ची. जमीन गेली, मोबदला कमी वाटला, म्हणून त्याने वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची. तिथला निकाल पटला नाही, तर पुढची लढाई नागपुरात. बापाने सुरू केलेल्या दाव्याच्या पेशीला मुलगा जातो. खालच्या कोर्टात न्यायाधीशाची जागा रिकामी राहिली, तर त्याला फक्त पुढची तारीख मिळते. ती जागा का रिकामी आहे, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर जायला हवा, हे त्याला कोणी सांगत नाही.

खैरलांजी हत्याकांडाचा खटला भंडाऱ्यात चालला. सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली, जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती बदलून पंचवीस वर्षांची कैद केली. त्या दिवसांत साऱ्या देशाचे डोळे या कोर्टाकडे होते. एरवीच्या मंगळवारी, बुधवारी ते कोणाचे असतात? पालकांचे असायला हवेत.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्ती तेरा विभाग वाटून घेतात, ते कायद्याच्या कलमानुसार. कोणाकडे कोणता विभाग, याचा आदेश उघड असतो आणि त्या विभागातला तातडीचा अर्ज आधी त्या न्यायमूर्तींकडेच जातो. आपल्या पालक न्यायमूर्तींकडे असे न्यायदानाचे काम नाही, कारभाराचे आहे. म्हणूनच तो कारभार लोकांसमोर मांडायला अडचण कसली?

धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना २०२२ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट बोलले होते. आपल्याला लक्ष्य केले जाईल या भीतीने खालचे न्यायाधीश जामीन द्यायला कचरतात, ही एक. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जिल्ह्यातून जाणार म्हणून जिल्हा न्यायाधीश हद्दीवर स्वागताला उभे राहतात, ही दुसरी. मला या दोन्हींची नाळ एकच वाटते. ज्यांच्या शेऱ्यावर आपली बढती अवलंबून आहे, त्यांच्यापुढे माणूस ताठ बसू शकत नाही. ही भीती घालवणे हे पालकांचे पहिले काम आहे आणि ते हद्दीवरचे स्वागत नाकारण्यापासून सुरू होते.

जिल्हा न्यायालयाच्या दारावर, तुमसर, साकोली, पवनीच्या न्यायालयांतही, मराठीत पाटी लावावी. त्यावर पालक न्यायमूर्तींचे नाव, नेमणुकीची तारीख, शेवटची तपासणी कधी झाली तो दिवस आणि कामकाजाबद्दलची तक्रार कोणत्या पत्त्यावर पाठवायची, एवढे असावे. निकालाबद्दलची तक्रार इथे चालणार नाही, हेही ठळक लिहावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुख्य न्यायमूर्तींचे एक परिपत्रक पुरेसे आहे.