बटणराखे

जावा स्विंगमध्ये डेस्कटॉपचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येक हापिसात एक बटणराखे असतात. खरं आडनाव काही का असेना. 'नाव' या चौकटीत अक्षर उमटेपर्यंत 'सेव्ह'चं बटण करडं राहिलं पाहिजे, यापलीकडे त्यांना जगाकडून काही नको असतं. त्यांच्याशी बोलतानाही तोच नियम. नुसतं "अहो, जरा..." म्हणालात तर चेहरा करडा. वाक्य पुरं करा, मग उजळेल.

नवा पोरगा कीलिसनर लावून काम दाखवायला येतो. कळ दाबली की बटण जागं. बटणराखे चहाचा ग्लास खाली ठेवतात आणि कीबोर्डला हातही न लावता माउसनंच मेनूतून 'पेस्ट' करतात. चौकटीत अख्खं नाव, बटण मात्र ढिम्म. "पाहुणा मागच्या दारानं येऊन पाटावर बसला, आणि तुम्ही पुढच्या दारात गुलाबपाणी घेऊन उभे!"

मग डॉक्युमेंटलिसनरचं निरूपण. त्यात तीन मेथड्स: इन्सर्टअपडेट, रिमूव्हअपडेट, चेंज्डअपडेट. पोरगं नावाला भुलून सगळा कोड तिसरीत घालतं आणि बटण मेल्यासारखं पडून राहतं. कारण तिसरी येते ती अक्षरांचा रंगढंग बदलला तरच. साध्या चौकटीत ती फिरकत नाही.

"मग काढूनच टाकू की, सर."

"काढून बघ, कंपाइलच होणार नाही. रुसकी आत्या आहे ती. कार्याला यायची नाही, पण पत्रिकेत नाव हवंच."

नुसता स्पेसबार बडवणाऱ्यांसाठी त्यांनी ट्रिम बसवलंय. एकदा मात्र कोणीतरी वर्डमधून नॉन-ब्रेकिंग स्पेस आणून चिकटवली. ट्रिमच्या लेखी ती स्पेसच नव्हे. बटण उजळलं आणि यादीत एक बिननावाचं गिऱ्हाईक दाखल झालं. त्या दुपारी बटणराख्यांनी डबा उघडला नाही.

खरा घाव पुढेच बसायचा होता. घरी कसलासा विम्याचा फॉर्म भरायला बसले. सगळ्या चौकटी भरलेल्या, बटण करडंच. अर्धा तास झटापट झाली. शेवटी मुलीनं पत्त्यातला स्वल्पविराम खोडला, तेव्हा कुठे ते उजळलं. "दार बंद ठेवा हो, पण का बंद ते बाहेर लिहाल की नाही?" दुसऱ्या दिवशी हापिसभर हेच चाललं होतं. आम्ही काही बोललो नाही. फक्त त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं.

संध्याकाळी त्यांनी गुपचूप टूलटिप जोडली. स्विंगमध्ये बटण करडं असलं तरी ती दिसते. आता 'सेव्ह'वर माउस नेला की चिठ्ठी येते: "आधी नाव लिहा. मग बघू."