चाक चरचर करते

‘मुलांशी संवाद साधा,’ असं हल्ली प्रत्येक पालकसभेत सांगतात. सांगायला काय जातं? संध्याकाळी पोराला समोर बसवून ‘आज शाळेत काय झालं?’ विचारावं, तर लाखनी असो की तुमसर, उत्तर एकच : ‘काई नाई.’ झाला संवाद.

त्यातून आमच्या भंडाऱ्याकडे पावसाळा म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. माय-बाप दिवसभर बांधीतल्या चिखलात. पोरांना त्यांचे चेहरे कमी आणि वाकलेल्या पाठीच जास्त दिसतात. घरी आलेल्या माणसाला पाठ सरळ करायची असते, संवाद कुठला? पण रोवणी आटोपते, श्रावण अमावास्येला पोळा होतो, राबलेल्या बैलांना पुरणपोळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी पोरांची पाळी येते. तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन पोरांनी करायचा पोळा! नागपूरकर रघुजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. मुलांना बैलांची, शेतीची गोडी लागावी म्हणून म्हणे. मला आपली शंका येते, की वाड्यातही ‘काई नाई’ म्हणणारं एखादं लेकरू असावं.

कारण लाकडी नंदी मध्ये आला की पोराचं तोंड उघडतं. बाप खाली मान घालून चाकाला तेल सोडतोय, पोरगं शिंगाला बेगड चिकटवतंय, कोणी कोणाकडे पाहत नाही.

“बाबा, चाक चरचर करते.”

“करनच ना. मागच्या साली नालीत घातला होता तू.”

“मी नाई, दादानं.” थोडा वेळ गप्प. मग हळूच, “गणितात मले चारच भेटले.”

हेच समोरासमोर आलं असतं तर घरात पोळा फुटला असता. पण एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्यात निखळलेलं चाक.

“कितीपैकी?” बाप एवढंच विचारतो.

चौकातल्या नंदी सजवायच्या स्पर्धेचं मात्र काही खरं नाही. नंदी पोराचा, हौस बापाची. थर्माकोलची बांधी, कापसाचे ढग, ‘पाणी वाचवा’ची पाटी. “हे कोणी केलं?” परीक्षक विचारतात आणि फेटा सावरत पोरगं इमानदारीत बापाकडे बोट दाखवतं. गेला बापाचा नंबर!

मग घरोघरी नंदी फिरतो, ओवाळणं होतं, बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मिळतात. नोटा मोजत पोरं परततात तोवर माय दारातच उभी. “आण, सांभाळून ठेवते.” कुठे, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. पण शेजारच्या एका चिमुरडीनं वहीच्या पानावर रक्कम लिहून घेतली, मायच्या सहीसकट. दिवाळीत फटाके घ्यायच्या वेळी ते पान बाहेर आलं. मायनं पैसे मोजून दिले.

“अन् व्याज?”

“काहून वं, दोन टाइम जेवतेस ते कोणत्या खात्यात?”

“ते बाबाच्या खात्यात लिव.”