भूत वेळेवर येईना

२००८ मध्ये रामगोपाल वर्मांनी ‘फूंक’ थिएटरात एकट्याने बघणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं होतं. सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये बोरिवलीला चढून जो अंधेरीला उतरून दाखवतो, त्याला भुताचं काय कौतुक!

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) त्या मानाने परवडला. भूत रबरी असेल, पण यायचं वेळेवर. परवा पाहिलेल्या भयपटात दीड तास नुसतं दार करकरत होतं. आमच्या मुलुंडच्या घराचं दारही करकरतं. आम्ही बिजागरीला खोबरेल लावतो. पडकी हवेली दिसली की बायको विचारते, “हे रिडेव्हलपमेंटला का देत नाहीत?” भीती संपली तिथेच.

मग उतारा म्हणून कलात्मक सिनेमा. नायक चार मिनिटं खिडकीत उभा. समोर पाऊस. आमच्या मजल्यावरचे काकाही टँकरची वाट बघत रोज तासभर गॅलरीत असेच उभे असतात. त्यांना कुणी महोत्सवाला नेत नाही. कॅमेरा न हलण्याबद्दल आमची तक्रार नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्येही तो फारसा हलत नाही, पण बघणारा हलतो. इथे फक्त खुर्च्या हलत होत्या.

दिवे लागले. बायकोने विचारलं, “संपला?”

पुढच्या रांगेतले दाढीवाले गृहस्थ वळून म्हणाले, “शेवट खुला ठेवलाय.”

सुदैवाने दरवाजाही खुला होता.